पडता बाजार आणि निवृत्ती एकाच वेळी आली: ॲन्युइटी घ्यावी का?

माळरान (१३ एप्रिल २०२५)

नमस्कार मंडळी. ३१ मार्चला निवृत्त झालो. चाकणला टूलरूममध्ये तेहेतीस वर्षं काढली. नोकरीत असताना बाजार बघायला कधी सवड नव्हती. गेल्या सोमवारी, ७ तारखेला, सकाळी सहज टीव्ही लावला आणि सेन्सेक्स २,२०० अंकांहून जास्त आपटला तो दिवस अख्खा बघितला. हिने चहा आणून ठेवला होता. त्यावर साय धरली तरी मी जागचा हललो नाही.

हिशोब मांडतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५६ लाख. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) १५ लाख. म्युच्युअल फंडात २१ लाख, जे सप्टेंबरात २५ च्या घरात होते. ईपीएसची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन महिना ३,४००. घर स्वतःचं आहे, मुलगी सासरी, मुलगा बंगळूरला नोकरीला. आमचा दोघांचा खर्च ४२,०००, औषधं धरून. मी ६०, बायको ५६.

ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि जन्मभर पेन्शन घ्यायची. बँकेतला भाचा म्हणतो, "मामा, सगळं ॲन्युइटीत टाका आणि झोपा." मुलगा म्हणतो, ॲन्युइटीचं नावही काढू नका. सध्याच्या, एप्रिल २०२५ च्या, नियमाप्रमाणे एनपीएसमधल्या ४० टक्क्यांची, म्हणजे ६ लाखांची, ॲन्युइटी घ्यावीच लागणार आहे. प्रश्न उरलेल्याचा आहे. ज्यांनी घेतली आणि ज्यांनी मुद्दाम टाळली, दोघांनीही लिहा.

कोरा_चहा

मुलाचं बरोबर आहे, काका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के मिळतात, मर्यादा ३० लाख. वर्षाचे २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला २०,५००. पोस्टाच्या मासिक योजनेत दोघांच्या नावावर १५ लाख, ७.४ टक्क्यांनी ९,२५०. तुमचे ३,४०० धरा. झाले ३३,१५०. मुद्दल तुमच्याच नावावर, हवं तेव्हा थोडा दंड भरून मोडता येतं.

मूळ रक्कम वारसांना परत देणारी ॲन्युइटी साठीला साडेसहाच्या आसपास देते. एकदा पैसे दिले की दिले. ८.२ सोडून साडेसहा कोण घेईल?

घाटवाट

@कोरा_चहा, आजचा दर आज आहे. माझ्या सासऱ्यांनी ८.६ टक्क्यांचा काळ बघितलाय. एप्रिल २०२० मध्ये तोच दर ७.४ झाला आणि बँकांच्या एफडी साडेपाचपर्यंत खाली आल्या. ज्यांच्या ठेवी नेमक्या त्या वर्षी मुदत संपून हातात आल्या त्यांचं उत्पन्न एका रात्रीत एक तृतीयांश कापलं गेलं. सासरे रोज पासबुक उघडून बघायचे, जणू आकडा बदलेल. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीत आणि परवा ९ तारखेला रेपो दर (बँकांना ज्या दराने ती कर्ज देते तो) कमी केलाय, तो ६ टक्क्यांवर आलाय. काकांची बचत योजना पाच वर्षांनी संपेल, तेव्हा दर काय असेल हे तुम्ही आज सांगू शकता का?

दुसरं, म्युच्युअल फंडातून दरमहा काढून खाऊ असं ठरवणाऱ्यांसाठी. समजा १०० रुपये आहेत आणि वर्षाला ६ काढायचे. पहिल्याच वर्षी ६ काढले, ९४ उरले, बाजार ३० टक्के पडला, राहिले ६५.८०. पुढच्या वर्षी तेच ६ रुपये काढायचे म्हणजे शिल्लकेच्या ९ टक्क्यांहून जास्त. बाजार नंतर वर आला तरी विकलेली युनिट्स परत येत नाहीत. पंचेचाळिशीत बाजार पडला तर फायदाच, एसआयपी (फंडातली दरमहाची गुंतवणूक) स्वस्तात होते. साठीला पहिल्या दोन-तीन वर्षांत पडला तर घाव खोल जातो. काका नेमके तिथे उभे आहेत.

शेंगदाणा_चटणी

काका, आधी निवृत्तीच्या शुभेच्छा घ्या. इथे सगळे थेट हिशोबाला लागले. आणि तो टीव्ही बंद ठेवा.

पोटनियम

मी विमा क्षेत्रात एकतीस वर्षं होतो, त्यातली शेवटची नऊ पेन्शन विभागात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण इथे सगळे टक्क्यांवर टक्के ठेवून मोजतायत. ॲन्युइटीची तुलना एफडीशी करणं म्हणजे मेडिक्लेमची तुलना आवर्ती ठेवीशी करणं. ॲन्युइटी हा जास्त जगण्याचा विमा आहे.

भिशीसारखं समजा. साठ वर्षांचे हजार जण एकत्र पैसे टाकतात. काही पासष्टीला जातात, काही पंच्याण्णवपर्यंत जगतात. आधी जाणाऱ्यांचं उरलेलं मागे राहणाऱ्यांना मिळत राहतं. म्हणूनच मूळ रक्कम परत न मिळणाऱ्या प्रकारात साठीला दहा लाखांवर वर्षाला ८० हजारांच्या आसपास येतात आणि सत्तरीला घेतलीत तर लाखाच्या आसपास. कुठलीही बँक मुद्दलाला धक्का न लावता सत्तरीच्या माणसाला १० टक्के देणार नाही. त्या दरात व्याज आहे, तुमचं स्वतःचं मुद्दल आहे आणि भिशीतल्या इतरांचा वाटाही आहे.

"खरेदी किंमत परत" हा प्रकार निवडलात की दर साडेसहाच्या आसपास येतो, कारण भिशीतून तुम्ही जवळजवळ बाहेर पडलात. ती मग जन्मभराची एफडी झाली. तिलाही किंमत आहे, दर कायमचा बांधला जातो. पण बरेच लोक मुलांसाठी हा प्रकार घेतात आणि मग दर कमी म्हणून तक्रार करतात.

शेंगदाणा_चटणी

या भिशीत जो जास्त जगेल त्याचा नंबर लागतो होय! मग आमच्या आजीला घेऊ नका. ९८ ची आहे, अजून पोह्यांत मीठ कमी पडलं की हाक मारते. सगळी भिशी एकटी घेऊन जाईल.

सांजवात

पोटनियम काकांनी शास्त्र बरोबर सांगितलं, पण माझ्या मावशीचं ऐका.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिक्षक नव्हते की सरकारी नोकर नव्हते, दुकान होतं. २०१६ साली दुकान विकून आलेल्या पैशांतून १२ लाखांची पेन्शन घेतली. समोरच्या माणसाने तक्ता ठेवला, काकांनी सगळ्यात मोठा आकडा होता त्यावर बोट ठेवलं. तो प्रकार होता "फक्त स्वतःच्या हयातीपर्यंत". चौदा महिन्यांनी काका गेले. मावशी तेराव्यानंतर कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. पिवळी कापडी पिशवी, दुकानाचं नाव छापलेली. मीच तो बाँड वाचला. वारसाच्या रकान्यात मावशीचं नाव होतं, त्यामुळे तिला वाटत होतं आता पेन्शन तिला सुरू होईल. तिला काहीच मिळणार नव्हतं. हे तिला सांगायला मला अर्धा तास लागला.

फसवणूक कुणी केली नाही, कागदावर सगळं लिहिलेलं होतं. पण विचारलंही कुणी नाही की काकू घरी आहेत ना, त्यांचं काय.

पोटनियम

सांजवात, हे वाचून वाईट वाटलं. अशा केसेस मी टेबलाच्या पलीकडून बघितल्या आहेत. म्हणून आता जे लिहितो ते माळरान यांनी दोनदा वाचावं.

"पैसे बुडतील" या एका भीतीत दोन वेगळ्या काळज्या मिसळलेल्या असतात. एक, मी गेल्यावर बायकोने काय खायचं. दुसरी, आम्ही दोघं गेल्यावर मुलांना काय मिळणार. पहिलीवर उपाय संयुक्त हयातीची ॲन्युइटी, ज्यात दुसऱ्या जोडीदारालाही शंभर टक्के पेन्शन चालू राहते. दुसरीवर उपाय खरेदी किंमत परत. दोन्ही उपायांचे पैसे मोजायलाच हवेत असं नाही. मुलं कमावती असतील तर नुसती संयुक्त घ्या. तुमच्यावर कुणी अवलंबून असेल, घरात अपंग अपत्य असेल, तर परताव्यासह घ्या.

आणि जोडीदाराचं नाव नुसतं वारस म्हणून लिहू नका. "दुसरी हयात" म्हणून ते करारातच आलं पाहिजे. मावशींच्या बाबतीत घोळ इथेच झाला.

अबोली (मडगाव)

आमच्या घरातलं बावीस वर्षांचं उदाहरण देते. सरकारने २००३ साली वरिष्ठ पेन्शन विमा योजना काढली होती, एलआयसीमार्फत. ९ टक्के. बाबांनी कमाल रक्कम भरली, २,६६,६६५ रुपये, आणि महिन्याला २,००० सुरू झाले. २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवरून ८ हजारांच्या घरात आला, २,००० आले. २३ मार्च २०२० ला एका दिवसात ३,९०० हून जास्त अंक पडला, २,००० आले. ९ टक्के आता कुठे दिसत नाहीत, बाबांना अजून मिळतात.

पण २००३ मध्ये त्या २,००० मध्ये आमचा महिन्याचा किराणा आणि गॅस निघून वर पावसाळ्याआधीची सुकी मासळी भरून व्हायची. आज त्यात बाबांची बीपी-शुगरची औषधं जेमतेम येतात. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची ताकद अर्धी होते, आमच्या घरी ते डोळ्यांसमोर झालं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कधी चुकली नाही. आणि कधी वाढली नाही.

टेम्सकाठ

मी रेडिंगला राहतो, इकडचा अनुभव उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये २०१५ पर्यंत बहुतेकांना पेन्शन फंडातून ॲन्युइटी घ्यावीच लागत असे. एप्रिल २०१५ पासून सक्ती गेली आणि लोकांनी ॲन्युइटीकडे पाठ फिरवली, कारण व्याजदर तळाला होते. २०२२ मध्ये सरकारी रोख्यांचे व्याजदर उसळले तशा ॲन्युइटी स्वस्त झाल्या, म्हणजे त्याच पैशात पेन्शन जास्त मिळू लागली, आणि लोक परत रांगेत. ॲन्युइटीचा दर ती घ्याल त्या दिवसाच्या व्याजदराला बांधलेला असतो. म्हणून माझा इथला सल्लागार सांगतो, सगळी एका दिवशी घेऊ नका. थोडी साठीला, थोडी पासष्टीला, थोडी सत्तरीला.

इथे महागाई निर्देशांकाशी जोडलेली ॲन्युइटी मिळते, सुरुवातीची रक्कम बरीच कमी असते पण दरवर्षी वाढते. शिवाय मधुमेह, हृदयविकार, धूम्रपान असेल तर पेन्शन जास्त देतात, कारण तुम्ही कमी जगाल असा त्यांचा अंदाज. माझ्या मित्राला बायपासमुळे चांगली वाढीव मिळाली. भारतात हे आहे का?

पोटनियम

महागाईला जोडलेली आपल्याकडे नाही. दरवर्षी ३ टक्के वाढणारा प्रकार आहे, तोही सरळ वाढीचा, चक्रवाढ नव्हे. सुरुवात इतकी खालून होते की बरोबरी व्हायला बरीच वर्षं जातात. प्रकृतीनुसार जास्त पेन्शन देण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. म्हणून गंभीर आजार असलेल्यांनी परतावा नसलेला, एकट्याच्या हयातीचा प्रकार घेऊच नये.

रानमेवा

विषय थोडा बाजूला नेते, पण लिहायलाच हवं. माझ्या वडिलांना त्यांच्या नेहमीच्या बँकेत "पेन्शन प्लॅन" म्हणून जे दिलं ती ॲन्युइटी नव्हतीच. दरवर्षी ३ लाख, असे पाच वर्षं भरायचे, बाजाराशी जोडलेली पॉलिसी. वडील ७१ चे! "एकदाच भरायचेत" असं तोंडी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला तेव्हा कळलं. शाखेतला तो मुलगा बदलून गेला होता. पैसे अडकले ते अडकले.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आम्ही पाकीट फोडून कपाटात ठेवलं होतं. बाँड आला की त्याच दिवशी वाचा, एकदाच भरायचे की दरवर्षी, पहिली पेन्शन कधी, कुणाच्या हयातीपर्यंत. तक्रार करायची तर आधी कंपनीकडे, मग विमा भरोसा (विमा नियामकाचं तक्रार पोर्टल), मग विमा लोकपाल. पुण्यात लोकपालांचं कार्यालय आहे.

कोरा_चहा

हाच माझा मुद्दा आहे, रानमेवा. विकणाऱ्याला कमिशन ज्यात जास्त तेच पुढे सरकवलं जातं.

आणि पोटनियम काका, कंपनीच बुडाली तर? बँकेत निदान ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. आमच्या गावच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आईचे तेवढेच सुटले.

पोटनियम

रास्त प्रश्न. ठेव विम्यासारखी सोय इथे नाही. एलआयसीच्या पॉलिसींना १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ नुसार केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांना देणी भागवून वर राखीव भांडवल ठेवावं लागतं, नियामकाची अट १५० टक्क्यांची आहे. त्यामुळे मी दोन कंपन्यांत वाटून घ्यायला सांगतो. तीस वर्षांचा व्यवहार आहे.

खर्चाचंही सांगतो. बाहेरून ॲन्युइटी घेतली तर आजच्या, एप्रिल २०२५ च्या, नियमाने खरेदीच्या रकमेवर १.८ टक्के जीएसटी, दहा लाखांना १८ हजार. एनपीएसमधून घेतली तर तो नाही. मिळणारी पेन्शन करपात्र उत्पन्नात धरतात, पण नव्या करप्रणालीत यंदापासून (२०२५-२६) १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे माळरान यांना त्याची चिंता नको.

नागपुरी_संत्रं

एवढं सगळं वाचलं बाप्पा, पण माळरान काकांना सरळ उत्तर कोणीच नाही दिलं. मी देतो. महिन्याचे ४२ हजार दोन वह्यांत लिहा. एकीत जे काहीही झालं तरी लागतंच: किराणा, वीज, औषधं, मेडिक्लेमचा हप्ता, सोसायटी. दुसरीत जे थांबू शकतं: फिरणं, लग्नाकार्याचे आहेर, नातवाची सायकल. पहिल्या वहीचा खर्च जन्मभर चालू राहणाऱ्या उत्पन्नातून भागतो का, एवढंच बघा. तुमच्याकडे जन्मभराचं आज फक्त ३,४०० आहे. बाकी सगळं पाच वर्षांचं व्याज. जेवढी तूट तेवढ्याचीच ॲन्युइटी, तीही हप्त्याहप्त्याने. बाकी फंड बाजारात राहू द्या, महागाईशी लढायला तेच कामी येतात. २०२० मध्ये मार्चला पडलेला सेन्सेक्स नोव्हेंबरात जुन्या उंचीच्या वर गेला होता. ज्याला त्या आठ महिन्यांत विकावं लागलं नाही तो वाचला.

घाटवाट

+१. दोन वह्यांची कल्पना आमच्याकडे आजपासून.

अबोली

आणखी एक, दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका. बाबांनी आयुष्यभर काजूच्या बिया सोलल्या, बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. त्या मुलाने अंगठा पुसून, खोबरेल लावून, पावडर लावून बघितली. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण झालं. बाबा कॅमेऱ्यासमोर फोटोला बसल्यासारखे ताठ बसले होते, डोळे मिटायचं सांगितलं तरी मिटेनात! दाखला राहिला की पेन्शन थांबते. तुमच्या पश्चात काकूंना हे एकटीने करता यायला हवं, म्हणून आत्तापासून त्यांच्याच हाताने करून घ्या.

माळरान (८ जून २०२५)

उशिरा लिहितोय, माफी असावी. सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि आम्ही दोघांनी बसून वाचले. दोन वह्या खरंच केल्या. पहिल्या वहीत २९,००० आले. औषधं पहिल्या वहीत हे मी लिहिलं, देवदर्शन पहिल्या वहीत हे तिने लिहिलं.

ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख, मासिक योजनेत १५ लाख टाकले. एनपीएसच्या ६ लाखांची संयुक्त हयातीची ॲन्युइटी घेतोय, परताव्याशिवाय. महिन्याला साधारण ३,७०० येतील असा आकडा मिळालाय. मुलाला फोन करून सांगितलं की हे पैसे तुला मिळणार नाहीत. तो म्हणाला, "बाबा, मला ते नकोच होते, मला वाटत होतं तुम्ही फसाल." इतके दिवस आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होतो.

सगळं मिळून ३६,८५० होतात. एनपीएसचे सुटलेले ९ लाख आणि पीएफमधले उरलेले ११ एफडीत ठेवले, वरची तूट त्यांच्या व्याजातून निघते. फंडाला हात लावलेला नाही. पासष्टीला बचत योजना संपेल तेव्हा त्यातल्या काही रकमेची दुसरी ॲन्युइटी, त्या वेळचा दर बघून. हिची साठी चार वर्षांनी, तेव्हा तिच्या नावाने वेगळी बचत योजना उघडता येईल.

आता एक अडचण. दुसरी हयात म्हणून हिचं नाव टाकायचं, तर आधारवर अजून माहेरचं नाव आहे आणि पॅनवर सासरचं. लग्न १९९१ चं, दाखला कधी काढलाच नाही. पत्रिका आहे.

पोटनियम

आधी नाव एकसारखं करा, मगच अर्ज. आज घाईने भरलात तर पुढे तुमच्या पत्नीला एकटीला ते निस्तरावं लागेल. लग्नाची नोंदणी आताही होते, महापालिका किंवा ग्रामपंचायतीत. पत्रिका, दोघांचे पुरावे आणि तीन साक्षीदार लागतील. उशिराचं थोडं शुल्क पडेल. तो दाखला आधार केंद्रात द्या.

शेंगदाणा_चटणी

चौतीस वर्षांनी नोंदणी! काका, हार घेऊन जा आणि फोटो इथे टाका.

माळरान

साक्षीदार मिळाले. हिचे दोन भाऊ आणि माझा टूलरूममधला मित्र, जो तेव्हा वरातीत बँडपुढे नाचला होता. येत्या गुरुवारी जातोय. हिने साडी काढून ठेवली आहे.